सहाशे अकरा पायऱ्यांची त्सोना

त्सोना माणसं पायांवरून ओळखायची. पायऱ्यांच्या टोकाला, स्मारकाच्या दारात, फरशी पुसायच्या काठीवर हनुवटी टेकवून ती उभी राहायची आणि खालून येणाऱ्या एकेकाचा निकाल लावायची. "हा चारशेव्या पायरीवर बसणार. ही बाई नवऱ्याला शिव्या देत चढणार आणि वर आल्यावर त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून फोटो काढणार. तो मास्तर बघ, पोरांना हुतात्मे शिकवतोय आणि स्वतः लघवीला आडोसा शोधतोय." तिचा अंदाज क्वचितच चुकायचा. चुकला, तरी त्या माणसाबद्दलचं तिचं मत सुधारायचं नाही.

मी दोरा. तिच्याबरोबर पहिली सहा वर्षं मी वरच होते, काचेच्या कपाटांवरची धूळ झटकायला. मग संचालकांच्या मागे लागून मी खालची तिकीटखिडकी मिळवली. माझे गुडघे दुखतात असं मी सांगितलं होतं. गुडघे काही दुखत नव्हते, रोज चढायचा कंटाळा आला होता. त्सोनाला ते ठाऊक होतं. "बस खाली," ती म्हणाली. "वर्षभरात बुडाला मुळं फुटतील."

आमच्या ड्रेनोवित्साच्या डोंगरावर तुर्कांशी लढाई झाली ती १८७७च्या ऑगस्टात. स्मारक त्यानंतर पन्नासेक वर्षांनी उभं राहिलं. दगडी बुरूज, आत हाडांची पेटी, भिंतीवर नावं. त्याचे दगड वाहणाऱ्यांत त्सोनाचा बाप कोल्यो होता, तेव्हा एकोणीस वर्षांचा. दोन खेचरं त्या चढावर मेली. सिव्का आणि मुर्जो. भिंतीवर कोरलेल्या चारशे नावांपैकी एकही त्सोना कधी घ्यायची नाही, पण या खेचरांची नावं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. "भिंतीवरचे मेले ते मेलेच," ती म्हणायची, "पण त्यांना निदान कुणाला तरी मारायचं होतं. सिव्काला काय करायचं होतं?"

तिचा नवरा मिन्को बांधकामावर लिबियाला गेला आणि तिकडचाच झाला. एक गालिचा पाठवला, मग तेही बंद. लोक हळहळायला लागले की ती नकाराने मान वर उडवून 'च्' करायची. "इथे मेलेल्यांचा पत्ता दगडावर कोरलाय. तो जिवंत असून त्याला पत्ता नाही. कोण वाईट, तुम्हीच ठरवा."

संचालकाचं नाव गेन्चो बालुकोव्ह. लाल झेंड्याच्या काळात तो मुलांना ओळीने उभं करून शपथ द्यायचा. शपथ घेता घेता उन्हात एखादं पोर कोसळलं तर त्याच्याकडे न बघता पुढचं वाक्य म्हणायचा. राजवट बदलली आणि दोन महिन्यांत त्याच्या गळ्यात क्रूस आला. एवढा मोठा, की त्सोना म्हणाली, "याने बहुतेक कुणाच्या तरी थडग्यावरचाच उचललाय." लाल काळात स्मारकावर वाहिलेल्या हारांच्या मजकूर छापलेल्या फिती धुऊन, इस्त्री करून परत वापरायचं काम त्सोनाकडे होतं. नव्या काळातही फिती तिच्याकडेच आल्या. अक्षरं बदलली होती, इस्त्री तीच.

या बालुकोव्हने एकवीस वर्षांत सगळ्या पायऱ्या एकदाही चढल्या नव्हत्या. डोंगराच्या मागून सामानाचा एक रस्ता आहे. तो बुरुजाच्या खाली साठेक पायऱ्यांवर येऊन संपतो. तिथवर त्याची गाडी यायची. एकदा पावसात त्याने त्सोनाला गाडीत बसायला सांगितलं. "नको," ती म्हणाली. "तुमच्याशेजारी बसले तर लोक म्हणतील, मीपण कामाची नाही."

दर ऑगस्टात लढाईचा खेळ व्हायचा. जिल्ह्याच्या गावातले ढेरपोटे दुकानदार जुने गणवेश घालून यायचे, लाकडी बंदुका उडवायचे आणि मरायचे. त्सोनाने माझ्या लक्षात आणून दिलं, की ते सगळे सावलीतच मरतात. बुरुजाच्या उत्तरेला तीन पाइन आहेत, त्यांच्या खाली दरवर्षी प्रेतांची दाटी. उन्हात एकही नाही. "त्या वेळी इथे एक झाड नव्हतं," ती म्हणायची, "आणि मेलेल्यांना जागा निवडायची सोय नव्हती."

अशाच एका ऑगस्टात क्रासेन दूश्कोव्ह आला. निवडणुकीला उभा होता. महिनाभर आधी गावात त्याचे कागद लागले: 'पायी, पूर्वजांच्या वाटेने.' खाली त्याचं चित्र. बाह्या दुमडलेल्या, नजर दूर. त्सोनाने कागद वाचला आणि मला विचारलं, "याचे पूर्वज कोण?"

"इथलेच म्हणे. आजोबांची पिठाची गिरणी होती."

"मग पूर्वजांची वाट गिरणीकडे जाते. इकडे कशाला येतोय?"

त्या दिवशी बालुकोव्हने मला गाडीत घालून वर नेलं. पाहुण्याला पाव आणि मीठ द्यायला भरतकामाचा झगा घातलेली बाई हवी होती आणि तो झगा मलाच बसत होता. मी बसले गाडीत, खुशीत. त्सोना पहाटेच पायी येऊन फरशी धूत होती, कारण कबुतरांनी रात्रीत उंबरठा घाणीने भरून ठेवला होता.

खाली दूश्कोव्ह मिरवणुकीच्या पुढे झेंडा घेऊन निघाला. मागे शाळेची मुलं, गावकरी, पाद्री. जिल्ह्याच्या केबल वाहिनीवर हे सगळं थेट दिसत होतं. पहिल्या साठेक पायऱ्यांपर्यंत कॅमेरा सोबत होता. मग कॅमेरावाले बाजूच्या कड्यावर चढले, लांबून गर्दी दाखवायला. आणि आमचा पूर्वजांचा वारस फोन आल्याचं निमित्त करून, झेंडा मागच्याच्या हातात देऊन खाली उतरला, काळ्या गाडीत बसला आणि बारा मिनिटांत मागच्या रस्त्याने आमच्यासमोर हजर झाला. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. सोबत कानाला तार लावलेला एक मदतनीस.

"साहेब, फार कोरडे दिसताय," मदतनीस म्हणाला.

दूश्कोव्हने इकडेतिकडे पाहिलं. त्याला त्सोनाची बादली दिसली. "आजी, जरा पाणी."

"प्यायला की धुवायला?"

"तोंडावर मारायला. ऊन आहे ना."

"गाडीत पण ऊन लागतं वाटतं."

"आजी, घाई आहे हो."

"हे फरशीचं पाणी आहे," त्सोना म्हणाली. अगदी स्पष्ट, मी दहा पावलांवर उभी राहून ऐकलं. "कबुतरांची घाण पुसलीय यात."

"पाणी ते पाणी." त्याने दोन्ही हात बुडवून ओंजळ भरली आणि कपाळावर, गालांवर, मानेवर मारली. मदतनिसाने पाठीवरही शिंपडलं. मग दोघं बुरुजाच्या कोपऱ्याआड थांबले. मिरवणूक धापा टाकत शेवटच्या वळणावर आली, तेव्हा दूश्कोव्ह हळूच खाली उतरून तिच्या पुढ्यात शिरला, झेंडा परत हातात घेतला आणि शेवटच्या तीस पायऱ्या छाती भात्यासारखी हलवत चढला. वर्षाची परीक्षा असावी तशी तयारी केली होती लेकाने. निवेदिका म्हणाली, "घामाने चिंब झालेले, पण थांबायला तयार नसलेले..." आणि मी पाव पुढे केला. त्याच्या गालावर एक करडा ओघळ वाळत होता. त्याने पावाचा तुकडा मिठात बुडवून खाल्ला. त्याच हातांनी.

इथवर सगळं ठीक चाललं असतं. पण त्याला अजून थोडं हवं होतं. त्याने त्सोनाच्या खांद्यावर हात टाकला आणि तिला कॅमेऱ्यासमोर ओढलं. "ही बघा आपली माती! आजी, किती वर्षं चढताय या पायऱ्या?"

"तीस."

"आणि कधी दमला नाहीत?"

"रोज दमते. म्हणून माझा घाम माझा असतो." तिने त्याचा हात खांद्यावरून काढला, बोळा उचलावा तसा. "तुमच्या तोंडावर आहे तो माझ्या बादलीतला. हे साहेब मागच्या रस्त्याने गाडीतून आले. खोटं वाटत असेल तर जवळ जाऊन वास घ्या, कबुतरांचा येईल."

मग पाइनखाली पडलेलं एक प्रेत हसायला लागलं. पोट धरून, गदागदा. त्याच्या शेजारचं प्रेत उठून बसलं. मग शाळेची मुलं सुटली. निवेदिका माइक हातात धरून तोंड उघडं टाकून उभी होती आणि कॅमेरा चालूच होता.

दोन दिवसांनी बालुकोव्ह माझ्या खिडकीत आला. हातात टाइप केलेला कागद. त्यात लिहिलं होतं, की त्सोना कोलेव्हा त्या दिवशी कामावर दारू पिऊन आली होती आणि तिच्या तोंडाला राकियाचा वास येत होता. खाली एक सही झालेली होती, त्याच्या ड्रायव्हरची. दुसऱ्या सहीची रेघ रिकामी.

"साहेब, ती नवीन वर्षालासुद्धा अर्धाच प्याला घेते," मी म्हणाले.

"दोरा," तो म्हणाला, "या खिडकीसाठी माझ्याकडे चार बायकांचे अर्ज आहेत. चौघींचे गुडघे दुखतात."

मी सही केली. इतरांची टिंगल मी इतका वेळ केली, तर हेही सांगायला हवं: मला फार वेळ लागला नाही. पेन त्याचंच होतं. सही करून झाल्यावर मी त्याला ते आठवणीने परत दिलं.

त्सोनाला काढून टाकलं. वय अठ्ठावन्न, पेन्शनला दोन वर्षं उरलेली. दूश्कोव्ह निवडून आला, तेही आमच्या गावातून सगळ्यात जास्त मतं घेऊन. अख्खं गाव त्याच्यावर महिनाभर हसलं आणि मग त्याला मत देऊन आलं, कारण त्याने पुलाला डांबर टाकायचं कबूल केलं होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठ वाजता त्सोना माझ्या खिडकीत उभी राहिली. डोक्याला रुमाल, हातात कापडी पिशवी.

"एक तिकीट."

"त्सोनामावशी, तुला कशाला तिकीट? गावकऱ्यांना माफ आहे."

"मी गावकरी नाही. मी बेवडी आहे. तुझीच सही आहे ना खाली? बेवड्यांना काही सवलत असली तर बघ."

मी तिकीट फाडलं. तिने ते व्यवस्थित घडी घालून पिशवीत ठेवलं आणि पायऱ्या चढायला लागली.

त्या दिवसापासून ती रोज यायची. रोज वर जायची, दारासमोरच्या बाकावर बसायची, पिशवीतून पाव, मेंढीचं चीज आणि कांदा काढून खायची आणि घाणीकडे बघत बसायची. झाडूला हात लावायची नाही. एकदा एका शिक्षिकेने तिला म्हटलं, "आजी, तुम्ही इतकी वर्षं जपलंत, जरा तेवढा उंबरठा..." तर म्हणाली, "फुकट झाडायला मी काय हुतात्मा आहे? त्यांची यादी भरलीय."

तिच्या जागी जिल्ह्याच्या गावातली एक बाई मंगळवारी गाडीने यायची, अर्धा तास पाणी ओतायची आणि जायची. महिनाभरात नावांच्या भिंतीवर कबुतरांनी आपलीही नावं लिहून काढली. ऑक्टोबरात राजधानीतून तपासणीला माणसं येणार होती. आदल्या दिवशी बालुकोव्हने कोट काढून स्वतः फरशी घासली. गळ्यातला क्रूस सारखा बादलीवर आपटत होता. त्सोना बाकावर कांदा चावत होती. त्याचं होत आलं तेव्हा एवढंच म्हणाली, "कोपरा राहिला."

मला ती रोज सकाळी "एक तिकीट" म्हणायची आणि परत जाताना माझ्याकडे न बघता जायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी घरून तिच्यासाठी गरम बानित्सा, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्याची पोळी आणली, खिडकीतून पुढे केली. तिने वास घेतला. "लोणी कमी पडलंय," म्हणाली आणि तिथेच ठेवून गेली.

नोव्हेंबरात एका गुरुवारी धुकं उतरलं. सकाळपासून एकच तिकीट गेलं होतं, तिचं. ती रोज एकच्या सुमाराला खाली यायची. दोन वाजले, अडीच वाजले, ती आली नाही. बालुकोव्हची गाडी जिल्ह्याला गेली होती. मी खिडकीत बसून पायऱ्यांकडे बघत होते. वीस-पंचवीस पायऱ्या दिसत होत्या, पुढे नुसतं पांढरं. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला? मेली असेल तर उद्यापासून मला तिच्यासमोर तिकीट फाडावं लागणार नाही. तो विचार मला स्वच्छ आठवतो. त्याची इतकी किळस आली, की मी खिडकीला पाटी लावली आणि चढायला लागले.

अकरा वर्षांनी पायथ्यापासून चढत होते. दोनशेपर्यंत माझा दम संपला. तीनशेला मी हातांनी मांड्या उचलून पुढे ठेवत होते. चारशेव्या पायरीवरच्या बाकावर बसले आणि रडले. दुःखाने नाही, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या. "मावशी!" म्हणून हाक मारली, ती धुक्यात चार हात जाऊन विरली. वर पोचले तेव्हा माझा रुमाल मानेला चिकटला होता आणि तोंडात लोखंडाची चव होती.

त्सोना बुरुजाच्या आडोशाला भिंतीला टेकून बसली होती. एक बूट काढलेला, घोटा सुजून भोपळ्यासारखा झालेला. शेवाळलेल्या उंबरठ्यावर पाय घसरला होता. मांडीवर उघडलेली पिशवी होती आणि ती शांतपणे सफरचंद सोलत होती.

"आलीस," ती म्हणाली. "किती वेळ लागला?"

"पाऊण... पाऊण तास."

"मला पंचवीस मिनिटं लागतात. आणि मी तुझ्याहून बारा वर्षांनी मोठी."

"मला वाटलं तू मेलीस."

"मग पाद्र्याला आणायचं होतंस. तिकीटवालीचा काय उपयोग?"

मी तिच्याशेजारी बसले. तिने सफरचंदाची फोड सुरीच्या टोकावर घेऊन पुढे केली. मी घेतली.

"सही का केलीस?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

"भीती वाटली."

"कशाची?"

"खिडकी जाईल याची."

"ती खिडकी?" त्सोना खरोखरच चकित झाली. "अगं, पावसात गळते ती. खुर्चीचा एक पाय विटेवर आहे. माणसाने स्वतःला विकावं, पण जरा चांगल्या खुर्चीसाठी तरी. तो गेन्चो निदान गाडीसाठी विकला गेला."

मी म्हणाले, "तू दावा लाव. मी कोर्टात सांगेन, की खोटं लिहिलं."

"मला उपकार नकोत."

"उपकार नाही."

"सांगायचं असेल तर सांग. नसेल तर आत्ताच नाही म्हण, उगाच मला जिल्ह्याच्या बसमध्ये बसवू नकोस. त्या बसमध्ये मला मळमळतं."

तिला खांद्याचा आधार देऊन मी खाली आणलं. दर पन्नास पायऱ्यांवर ती माझ्या चालण्याला नावं ठेवत होती. पाय वाकडा टाकतेस, श्वास तोंडाने घेतेस, दुभत्या म्हशीसारखी डोलतेस. खाली पोचायला अंधार पडायला आला होता.

दावा वसंतात उभा राहिला. बालुकोव्हच्या वकिलाने मला विचारलं, "बाई, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा," मी म्हणाले.

"कशावरून मानायचं?"

"तेव्हा खोटं बोलून माझी खिडकी राहिली. आता खरं बोलून जाणार आहे. बघा तुम्हीच."

मागे बसलेली त्सोना मोठ्याने म्हणाली, "एवढं डोकं आधी कुठे होतं?" न्यायाधीशबाईंनी तिला गप्प केलं. ड्रायव्हरही मग गडबडला आणि त्याला राकियाचा वास नक्की कुठून आला ते सांगता येईना. कोर्टाने त्सोनाला कामावर परत घ्यायला लावलं. माझी खिडकी महिन्याभरात गेली, पुनर्रचना म्हणे. मी खालच्या वाहनतळाशी टेबल मांडलं आणि रासबेरीचा मुरंबा विकायला बसले. बालुकोव्ह पुढच्या वर्षी निवृत्त झाला. त्याला पदक मिळालं. ते कशाबद्दल, हे त्या समारंभात तिघांनी सांगितलं आणि तिघांनी वेगवेगळं सांगितलं.

त्सोना कामावर परतली ती पहिल्या दिवशी सात तास भिंत घासत होती. नावं परत वाचता यायला लागली. तिने ती वाचली असतील असं मला वाटत नाही. पेन्शन झाल्यावरही ती आठवड्यातून तीनदा चढायची आणि त्यातल्या एका दिवशी मला टेबलावरून उठवून सोबत न्यायची. तिने मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. तिने माझ्या चालण्याला नावं ठेवणं कधी थांबवलं नाही. माझा वेळ मात्र पाऊण तासावरून पस्तीस मिनिटांवर आला.

दूश्कोव्ह पुढेही दोनदा आला. पायऱ्यांजवळ फिरकला नाही, खालीच हार ठेवून गेला. पुलाला डांबर पडलं, एका हिवाळ्यात उखडलं.

त्सोना गेली एकाहत्तराव्या वर्षी, फेब्रुवारीत, छातीत पाणी होऊन, जिल्ह्याच्या इस्पितळात. शेवटी भेटले तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे बोट दाखवून म्हणाली, "हिला सगळे भेटायला येतात. आवाज ऐकतेस ना? पोल्ट्री आहे नुसती."

दुसऱ्या दिवशी तिच्या फाटकावर नगरपालिकेने मृत्यूचा कागद चिकटवला. वर फोटो, काळी चौकट, खाली लिहिलेलं: 'स्मारकाची निष्ठावान रखवालदार, जिने प्रत्येक यात्रेकरूवर स्वतःच्या लेकरासारखं प्रेम केलं.'

मी तो नखांनी खरवडून काढला. गोंद ओला होता, सहज निघाला. नगरपालिकेचा कारकून रस्त्याच्या पलीकडून ओरडला, "अहो दोराबाई, हे काय करताय? मेलेल्या माणसाचा कागद आहे!"

"खोटं लिहिलंय त्यात," मी म्हणाले.

"मग काय लिहायचं होतं?"

त्याला सांगायला मी रस्ता ओलांडून गेले. तो पेन घेऊन लिहायला लागला, तिसऱ्या वाक्याला थांबला आणि म्हणाला, हे असलं फाटकावर लावता येत नाही. शेवटी आम्ही तिचं नाव, बापाचं नाव आणि दोन सालं एवढंच छापलं. अंत्ययात्रेला सतरा माणसं होती. स्मशान टेकाडावर आहे. निम्मे गाडीने आले.